जहाज कुणाचंही असो, पोरं आमची आहेत

सीबीडी बेलापूरला जहाजांना माणसं पुरवणाऱ्या मॅनिंग एजन्सींची ऑफिसं आहेत त्या बाजूला दुपारी एक चक्कर मारा. फुटपाथवर, चहाच्या टपरीशी, बिल्डिंगच्या पायऱ्यांवर, फायली छातीशी धरलेली पोरं दिसतील. सीडीसी म्हणजे खलाशाचं ओळखपुस्तक, पासपोर्ट, मेडिकल, कोर्सची सर्टिफिकेटं, सगळं त्या एका फायलीत. कुणी साताऱ्याचा, कुणी दापोलीचा, कुणी थेट बिहारमधून आलेला. बोटीवरचं आयुष्य संपवून मी नेरूळला स्थायिक झालो आणि आता इथल्याच एका संस्थेत या पोरांना सागरी कायदा शिकवतो.

येमेनच्या हूती या सशस्त्र गटाने लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू केले तेव्हा गुहागरकडच्या एका कॅडेटची आई मला वर्गाबाहेर भेटली. मुलाला जहाजावर रुजू व्हायचं बोलावणं, म्हणजे जॉइनिंग, आलं होतं. त्या म्हणाल्या, "साहेब, आपला देश कुणाच्याच भांडणात नाही म्हणतात. मग आमच्या पोराच्या बोटीवर कुणी कशाला बाँब टाकेल?" मी म्हटलं, "ताई, टाकायला नकोच. कायदाही तेच सांगतो." त्या गप्प राहिल्या. कायदा सांगतो तर मग टाकतात कसे, हा पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, पण तो तिथे होताच. त्याचं उत्तर दोन मिनिटांत देता येण्यासारखं नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहितोय.

दोघांच्या युद्धात तिसऱ्याने आपला व्यापार का थांबवावा, हा प्रश्न जुना आहे. क्रिमियाचं युद्ध संपल्यावर 16 एप्रिल 1856 रोजी पॅरिसमध्ये चारच कलमांचा एक जाहीरनामा झाला. खासगी जहाजांना लुटीचे परवाने देणं बंद. तटस्थ झेंड्याच्या जहाजात शत्रूचा माल असला तरी तो धरायचा नाही, युद्धसाहित्य सोडून. शत्रूच्या जहाजात तटस्थाचा माल असेल तर तोही सुरक्षित, पुन्हा युद्धसाहित्य सोडून. आणि नाकेबंदी करायची तर बंदराबाहेर खरोखर जहाजं उभी करून करा, नुसती कागदावर जाहीर करू नका. पुढे 1907 साली हेगला तटस्थ देशांबद्दल दोन करार झाले, जमिनीसाठी पाचवा आणि समुद्रासाठी तेरावा. तटस्थाच्या पाण्यात लढाई करायची नाही. युद्धनौकेने तटस्थ बंदरात, तिथला कायदा वेगळं काही सांगत नसेल तर, चोवीस तासांपेक्षा जास्त थांबायचं नाही. दुरुस्ती करायची ती समुद्रात सुखरूप जाता येईल इतकीच, तोफा वाढवायला नाही.

पण तटस्थाला नुसते हक्कच मिळत नाहीत, काही जाच सोसावाही लागतो. लढणाऱ्या देशाची युद्धनौका तुमचं जहाज थांबवू शकते, कागद तपासू शकते, माल उघडून बघू शकते. हे मी पुस्तकातून शिकण्याआधी होर्मुझच्या तोंडाशी शिकलो. साल 1987. इराण-इराक युद्ध चालू होतं, मी थर्ड ऑफिसर, रात्री आठ ते बाराचा वॉच माझा. व्हीएचएफ रेडिओच्या चॅनल सोळावर एक आवाज आला. इराणी युद्धनौका. जहाजाचं नाव काय, झेंडा कुठला, मागचं बंदर कुठलं, पुढचं कुठलं, माल काय? बाहेर मिट्ट काळोख, रडारवर एक ठिपका आमच्या उजव्या अंगाने जवळ सरकत होता. मी कॅप्टनना उठवलं. ते पायात चपला सरकवून वर आले, माझ्या हातातून हँडसेट घेतला आणि एकेक उत्तर सावकाश, स्पष्ट दिलं. शेवटचं उत्तर दिल्यावर बराच वेळ पलीकडून काहीच आलं नाही. हँडसेटवरची कॅप्टनची बोटं पांढरी पडली होती, ती मला अजून दिसतात. मग "प्रोसीड" एवढा एकच शब्द आला. खाली जाताना ते मला म्हणाले, "विचारणं हा त्यांचा हक्क आहे. खरं सांगणं हे आपलं काम."

ते बरोबर होते. जानेवारी 1986 मध्ये इराणी नौदलाने 'प्रेसिडेंट टेलर' हे अमेरिकन व्यापारी जहाज थांबवून तपासलं होतं. अमेरिका आणि इराण यांचं तेव्हा हाडवैर, तरीही लढणाऱ्या देशाला असा तपासणीचा हक्क असतो हे अमेरिकेने मान्य केलं. उलट त्याच युद्धात दोन्ही बाजूंनी तेलवाहू जहाजांवर न विचारता, न थांबवता क्षेपणास्त्रं सोडली. तो कुठलाच हक्क नव्हता. सुरक्षा परिषदेने 1984 च्या 552 क्रमांकाच्या ठरावात स्पष्ट म्हटलं होतं की जे देश युद्धात नाहीत त्यांच्या बंदरांकडे ये-जा करणाऱ्या जहाजांच्या वाटेत कुणी येऊ नये. ठराव झाला आणि हल्ले त्यानंतर चार वर्षं चालू राहिले.

थांबवा, तपासा, युद्धसाहित्य सापडलं तर जप्त करा, इथपर्यंत ठीक. पण व्यापारी जहाज बुडवायचं असेल तर? त्यावर 1936 साली लंडनमध्ये एक करार झाला, आणि त्यातलं एक वाक्य मी वर्गात फळ्यावर लिहितो. जहाजावरची माणसं आणि कागदपत्रं आधी सुरक्षित जागी पोहोचवल्याशिवाय व्यापारी जहाज बुडवता येणार नाही. आणि हवामान, समुद्राची स्थिती, किनाऱ्याची जवळीक किंवा मदतीला दुसरं जहाज यांची खात्री नसेल तर जहाजाच्या स्वतःच्या होड्या ही सुरक्षित जागा मानली जाणार नाही. हे ज्यांनी लिहिलं ते लाइफबोटीत बसलेल्या माणसाचे हाल जाणून होते. खवळलेल्या समुद्रात लाइफबोटीत बसून बघा, उलट्या थांबत नाहीत, अंगातलं पाणी संपतं, डिझेलच्या वासाने डोकं फुटतं. माणसाला होडीत ढकललं की आपली जबाबदारी संपली, असं कायदा म्हणत नाही.

दुसऱ्या महायुद्धात हा नियम जवळजवळ सगळ्यांनीच मोडला. युद्धानंतर न्यूरेंबर्गच्या खटल्यात जर्मन ॲडमिरल डोनिट्झवर हा करार मोडल्याचा ठपका आला, पण त्याबद्दल शिक्षेत भर घातली गेली नाही, कारण अमेरिकन पाणबुड्यांनीही पॅसिफिकमध्ये तेच केलं होतं आणि ॲडमिरल निमित्झ यांनी तसं लेखी सांगितलं होतं. वर्गात हे ऐकल्यावर पोरं म्हणतात, मग सर, कायदा मेलाच की. मला तसं वाटत नाही. शत्रूच्या सेनापतीवर खटला चालवताना आपलीही तीच वागणूक होती हे न्यायालयात मांडलं जातं आणि न्यायाधीश त्याची दखल घेतात, तिथे कायदा जिवंत आहे असंच मी म्हणेन.

आता आपल्या घराजवळची गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. मुरगाव बंदर. तिथे लोहखनिज भरायला मी गेलो आहे. झुआरीतून बार्ज येतात, लाल धूळ डेकवर, दोरखंडांवर, जेवणाच्या ताटातसुद्धा. याच बंदरात 1939 पासून तीन जर्मन जहाजं आणि नंतर एक इटालियन जहाज आसऱ्याला उभी होती. गोवा पोर्तुगीजांचा आणि पोर्तुगाल तटस्थ, त्यामुळे ब्रिटिशांना त्यांना हात लावता येत नव्हता. एहरेनफेल्स हे त्यातलं मोठं जहाज. त्यावरच्या चोरट्या ट्रान्समीटरवरून जर्मन पाणबुड्यांना दोस्तराष्ट्रांच्या जहाजांची खबर जाते, अशी ब्रिटिशांची खात्री झाली. 9 मार्च 1943 च्या रात्री एक गाळ वाहून नेणारा बार्ज मुरगावात शिरला. त्यात बहुतेक नेहमीचे सैनिक नव्हते. कलकत्त्याचे व्यापारी, हिशेबनीस, चहामळेवाले, बहुतेक चाळिशी-पन्नाशीचे, हौशी घोडदळात नाव असलेले. त्यांनी एहरेनफेल्सवर चढून हल्ला केला. जहाजाचा कप्तान आणि आणखी काही जर्मन मारले गेले. जर्मनांनी स्वतःच तळाच्या झडपा उघडल्या, आणि बाकीच्या तीन जहाजांच्या खलाशांनीही ब्रिटिश आले असं समजून आपापली जहाजं पेटवून बुडवली. हे सगळं 1978 पर्यंत गुप्त राहिलं.

ही गोष्ट बहुतेक वेळा शौर्यकथा म्हणून सांगितली जाते. त्या माणसांचं धाडस मी नाकारत नाही, पण कायद्याच्या डोळ्यांनी बघा. तटस्थाच्या पाण्यात लढाई करू नये, हे हेगच्या तेराव्या कराराचं दुसरं कलम. ते ब्रिटिशांनी मोडलं. तटस्थ बंदराचा तळ करू नये, तिथे बिनतारी यंत्रं बसवू नयेत, हे पाचवं कलम. ट्रान्समीटरची गोष्ट खरी असेल तर ते जर्मनांनी मोडलं. आणि आपल्या बंदरात असं काही चालतंय का यावर डोळा ठेवणं हे पोर्तुगीजांचं कर्तव्य होतं. तटस्थाने आपल्या घरात दोघांना सारखाच नियम लावला नाही तर तिसरा येऊन दार फोडतो. त्या रात्री मुरगावात तेच झालं.

पण त्याच बंदरात, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, आणखी एक गोष्ट घडली आणि ती कुणी सांगत नाही. जपानच्या ताब्यात अडकलेले अमेरिकन आणि कॅनेडियन नागरिक घेऊन तेइया मारू हे जपानी जहाज मुरगावला आलं. अमेरिकेत अडकलेले जपानी घेऊन ग्रिप्सहोल्म हे स्वीडनचं जहाज आलं. ग्रिप्सहोल्मच्या अंगावर स्वीडनचे रंग आणि 'डिप्लोमॅट' असा प्रचंड मोठ्या अक्षरांतला शब्द, रात्री सगळे दिवे लावून ते पाणबुड्यांनी भरलेल्या समुद्रातून अर्धी पृथ्वी ओलांडून आलं होतं. धक्क्यावर माणसांची अदलाबदल झाली. हजाराहून जास्त माणसं या बाजूची, हजाराहून जास्त त्या बाजूची, बायका-मुलं, मिशनरी, व्यापारी. दोन शत्रू जिथे एकमेकांसमोर उभे राहून माणसं परत देऊ शकतील अशी जागा सगळ्या आशियात मोजकीच उरली होती, आणि त्यातली एक आपल्या कोकणपट्टीवर होती. तटस्थ बंदर कशासाठी लागतं असं कुणी विचारलं तर मी हे उदाहरण देतो.

कर्तव्य मोडलं तर किंमत मोजावी लागते याचं उदाहरण त्याहून जुनं आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात ब्रिटन तटस्थ होतं, तरी बर्कनहेडच्या गोदीत दक्षिणेसाठी 'अलाबामा' जहाज बांधलं गेलं आणि ब्रिटिश सरकारने ते वेळेत रोखलं नाही. त्या जहाजाने उत्तरेची कितीतरी व्यापारी जहाजं बुडवली. 1872 मध्ये जिनिव्हाच्या लवादाने ब्रिटनला 1 कोटी 55 लाख डॉलर द्यायला लावले, आणि ते ब्रिटनने दिले. (त्याच युद्धात उत्तरेने दक्षिणेची बंदरं रोखली म्हणून अमेरिकन कापूस थांबला आणि मुंबईचा कापूस सोन्याच्या भावाने गेला. युद्ध संपल्यावर 1865 मध्ये तो फुगा फुटला आणि मुंबईतल्या बँका बुडाल्या. तटस्थाला युद्ध कुठून कुठे गाठतं, बघा.)

आपल्याबद्दलही बोललं पाहिजे. 1971 च्या डिसेंबरमध्ये आपल्या नौदलाने कराचीवर केलेल्या हल्ल्यांचा मला अभिमान आहे, कुठल्याही दर्यावर्दी माणसाला असेल. पण 8 डिसेंबरच्या रात्री सोडलेल्या क्षेपणास्त्रांत 'हार्मेटन' नावाचं ब्रिटिश मालवाहू जहाजही सापडलं. क्षेपणास्त्राच्या रडारला झेंडा दिसत नाही. शत्रूच्या बंदराबाहेर नांगर टाकणारा तटस्थ धोका पत्करतो हे खरं, तरी ती माणसं शत्रू नव्हती. हे मी वर्गात सांगतो, कारण नियम फक्त दुसऱ्यांसाठी असतो असं पोरांना वाटू नये.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे. जुना कायदा विचारतो, झेंडा कुणाचा, म्हणजे जहाजाची नोंदणी कुठल्या देशात? 1907 मध्ये हा प्रश्न पुरेसा होता. ब्रिटिश जहाजाचा मालक बहुधा ब्रिटिश, कप्तान ब्रिटिश. आज वर्गात मी एका जहाजाचं चित्र काढतो. ट्रू कॉन्फिडन्स. झेंडा बार्बाडोसचा, मालक कंपनी लायबेरियातली, चालवणारी ग्रीसची, माल चीनमधून निघालेलं पोलाद आणि ट्रक, निघालं होतं जेद्दाकडे. जहाजावर फिलिपिन्सचे, व्हिएतनामचे, एक भारतीय, आणि पहारेकरी श्रीलंका-नेपाळचे. 6 मार्च 2024 ला एडनच्या आखातात हूतींचं क्षेपणास्त्र लागलं आणि तिघं खलाशी मेले, दोन फिलिपिनो आणि एक व्हिएतनामी. आपल्या आयएनएस कोलकाताने एकवीस जणांना बाहेर काढलं. हूती म्हणाले, जहाज अमेरिकन. अमेरिकन कंपनीकडे ते पूर्वी होतं, मालकी नंतर बदललेली होती. यातला कुठलाही देश त्या भांडणात लढत नव्हता, आणि मेलेल्यांपैकी कुणाला त्या मालकीच्या कागदांशी काही देणंघेणं नव्हतं.

त्याआधी 26 जानेवारीला मार्लिन लुआंडा. झेंडा मार्शल आयलंड्सचा, टाकीत नाफ्था, जहाजावर बावीस भारतीय आणि एक बांगलादेशी. आयएनएस विशाखापट्टणमवरची माणसं जाऊन आग विझवायला भिडली. नाफ्थाच्या टाकीला आग लागली की काय होतं हे टँकरवर काम केलेल्याला सांगायला नको. मार्लिन लुआंडाच्या कप्तानाला आणि खलाशांना पुढे आयएमओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, शौर्यपुरस्कार मिळाला आणि तो मिळायलाच हवा होता. आणि 13 एप्रिलला इराणने हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून एमएससी एरीज ताब्यात घेतलं. पोर्तुगालचा झेंडा, सतरा भारतीय, आणि जहाज येत होतं कुठे? आपल्या न्हावाशेव्याला. उरणच्या रस्त्याला कंटेनरच्या ट्रेलरमागे अडकून आपण जिथे वैतागतो, तिथे तो माल उतरायचा होता. त्यावरची केरळची डेक कॅडेट मुलगी पाच दिवसांत घरी आली, बाकीचे टप्प्याटप्प्याने सुटले.

हूती हे राज्य नाही, त्यामुळे तटस्थतेचा राज्या-राज्यांमधला कायदा त्यांना लागू होतो का यावर पंडित वाद घालतात. मला त्यात फार रस नाही. सुरक्षा परिषदेने 10 जानेवारी 2024 च्या 2722 क्रमांकाच्या ठरावात हल्ले थांबवा असं सांगितलं, तेवढं पुरे. मला अडचण दुसरीकडे दिसते. जहाजावर हल्ला झाला, भरपाई मागायची, तर मागणार कोण? सागरी कायद्याच्या हॅम्बुर्गच्या न्यायाधिकरणाने 1999 मध्ये 'सैगा' जहाजाच्या निकालात सांगितलं की जहाज आणि त्यावरचा प्रत्येक माणूस, राष्ट्रीयत्व कुठलंही असो, झेंड्याच्या देशाशी जोडलेलं एकच एकक आहे. म्हणजे दाद मागायची झेंड्याच्या देशाने. निकाल चांगला आहे, कारण त्यामुळे खलाशी वाऱ्यावर सुटत नाही. पण रजिस्ट्रेशनच्या फीपुरता झेंडा देणारा एखादा छोटा देश तासगावच्या पोरासाठी कुठल्या कोर्टात जाणार आहे?

इथे एक वाट आहे आणि मला वाटतं ती आपण वापरत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाने 2006 मध्ये नागरिकांच्या राजनैतिक संरक्षणाबद्दल कलमांचा मसुदा केला. त्याचं अठरावं कलम म्हणतं की खलाशासाठी झेंड्याचा देश दाद मागू शकतो, पण त्यामुळे खलाशाच्या स्वतःच्या देशाचा हक्क संपत नाही. म्हणजे भारत आपल्या माणसासाठी उभा राहू शकतो, झेंडा कुणाचाही असो. आपलं नौदल मदतीला धावतं, कुणाच्याही झेंड्याकडे न बघता धावतं, आणि ते फार मोठं काम आहे. परराष्ट्र खातं सुटकेसाठी खटपट करतं. पण सुटका झाली की विषय संपतो. मारणाऱ्याकडे, पकडून ठेवणाऱ्याकडे भारताने आपल्या खलाशाच्या वतीने हक्काने भरपाई मागितली पाहिजे. जगभरच्या जहाजांना माणसं पुरवणाऱ्या पहिल्या काही देशांत आपण आहोत. आपण मागणार नाही तर कोण मागणार?

दुसरी गोष्ट साइन ऑनच्या, म्हणजे कॉन्ट्रॅक्टवर सही करायच्या टेबलावरची. एका पोराने मला त्याचे कागद दाखवले होते. पंधरा-वीस कागदांच्या गठ्ठ्यात, सेफ्टी शूजच्या पावतीच्या खाली, एक पान: युद्धक्षेत्रातून प्रवासाला माझी संमती आहे. जहाज कुठे जाणार हेसुद्धा तेव्हा ठरलेलं नव्हतं. एजंट म्हणाला होता, सगळेच करतात, कर सही. पोराने केली. खलाशांच्या कामाबद्दलचा आंतरराष्ट्रीय करार असलेल्या मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शनच्या मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलं आहे की जहाज युद्धक्षेत्राकडे निघालं आणि खलाशाची तयारी नसेल तर त्याला फुकट घरी पाठवलं जावं. ज्यांचं कॉन्ट्रॅक्ट आयबीएफच्या, म्हणजे जहाजमालक आणि खलाशांच्या संघटनांनी मिळून केलेल्या, करारात बसतं त्यांना युद्धसदृश क्षेत्रात जायला नकार देता येतो, गेलात तर मूळ पगाराइतकी जादा रक्कम मिळते, आणि मृत्यू किंवा अपंगत्व आलं तर भरपाई दुप्पट. पण सगळ्यांची कॉन्ट्रॅक्ट त्या करारात बसत नाहीत, आणि बसत असली तरी पहिल्या जहाजासाठी दोन-दोन वर्षं थांबलेला कॅडेट नकार देत नाही. त्याला वाटतं, पुन्हा बोलावणार नाहीत. म्हणून जॉइनिंगच्या दिवशी सरसकट घेतलेली संमती रद्दच मानावी, आणि जहाज खरोखर त्या बाजूला वळण्याआधी प्रत्येकाला पुन्हा विचारावं, असा नियम डीजी शिपिंगने, म्हणजे केंद्र सरकारच्या जहाजवाहतूक खात्याने, करावा.

याच कन्व्हेन्शनमध्ये 2018 साली एक चांगली दुरुस्ती झाली. चाच्यांनी किंवा सशस्त्र दरोडेखोरांनी पकडून ठेवलेल्या खलाशाचा पगार चालू राहील, कॉन्ट्रॅक्टची मुदत संपली तरी. पण तिथे शब्द चाचेगिरी आणि सशस्त्र दरोडा एवढेच आहेत. लढणाऱ्या देशाने किंवा एखाद्या सशस्त्र गटाने युद्धाच्या नावाखाली जहाज धरलं तर? हूतींनी धरलेल्या गॅलक्सी लीडर या जहाजाचे पंचवीस खलाशी 19 नोव्हेंबर 2023 पासून 22 जानेवारी 2025 पर्यंत येमेनमध्ये अडकून होते. पुढच्या वेळी असा प्रसंग आपल्या पोरांवर आला तर पगाराचा प्रश्न मालकाच्या मर्जीवर राहू नये. त्या कलमात युद्धात धरलेल्या जहाजांचा उल्लेख यावा ही दुरुस्ती भारताने मांडावी, असं पत्र मी डीजी शिपिंगला पाठवलं आहे. खलाशांच्या संघटनांत काम करणारे कुणी हे वाचत असतील तर त्यांनीही पाठवावं. मसुदा माझ्याकडे तयार आहे, मागा, मी देतो.